दहा गुंठे बनफशा

बनफशाचं रोप फ्रिजमध्ये बोंबलांच्या शेजारी ठेवू नये, असं बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी तीन पुस्तकं चाळली आहेत. एकात गुलाबावर चाळीस पानं होती, दुसऱ्यात कुंडी रंगवायची कशी ते होतं, आणि तिसऱ्याची मधली पानंच गायब होती. तेव्हा जे झालं त्याचा सगळा दोष माझ्यावर टाकणं बरोबर नाही, असं माझं आजही मत आहे. बकुळाचं मत वेगळं आहे. बकुळा माझी बायको.

बनफशा म्हणजे हिमालयाच्या अंगाखांद्यावरचं रानटी रोप. सावलीत, दगडी बांधाच्या फटीत उगवतं. उंची वीतभरसुद्धा नाही. एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं उत्तराखंडात फिरायला गेलो होतो, तिथे बकुळाला खोकला लागला. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी डब्यातली वाळलेली बनफशाची फुलं काढली आणि काढा करून दिला. दोन दिवसांत खोकला गेला. निघायच्या सकाळी बकुळा त्यांच्या अंगणातल्या बांधाकडे बघत म्हणाली, “हे आपल्या गॅलरीत असतं तर किती बरं झालं असतं.”

हे वाक्य कुणालाही साधं वाटेल. पण सव्वीस वर्षांच्या संसारात बकुळाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मिक्सर मागितला, गच्चीवर पत्रे घालायला लावले, पण त्या घराच्या मागण्या झाल्या. मी त्या बाईंकडे गेलो आणि माझ्या हिंदीत एक रोप मागितलं. माझं हिंदी ऐकून त्यांनी आधी मला चहा दिला. मग खुलासा झाल्यावर बांधाच्या फटीतून एक रोप मातीसकट उपटून पाण्याच्या कापलेल्या बाटलीत लावून दिलं. पानं सात. फुलांचा हंगाम संपला होता. फूल जांभळं असतं, शर्टाच्या बटणाएवढं असतं, आणि त्याला वास असतो, एवढं त्यांनी सांगितलं. ताजं फूल आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं.

डहाणूत मसोलीला आमची सोसायटी आहे. मे महिन्यात तिथे माणसंसुद्धा कशीबशी तग धरतात. आमची गॅलरी पश्चिमेला. दुपारी तीन वाजता तिथे पापड वाळत घातला तर तो वाळत नाही, भाजतो. मी बाटली गॅलरीत ठेवली आणि तासाभरात साती पानं माना टाकून बसली.

पहिला सल्ला तात्यांनी दिला. तात्या आमच्या सोसायटीचे चेअरमन. चिखल्याला त्यांची चिकूची वाडी आहे, त्यामुळे जगातलं प्रत्येक झाड त्यांना चिकूचंच बिघडलेलं रूप वाटतं. त्यांनी रोपाकडे बराच वेळ पाहिलं, आणि बुंध्यापासून दोन फुटांवर गोल आळं करा, असं सांगितलं. बाटलीचा व्यास चार इंच होता, हे मी त्यांच्या नजरेला आणून दिलं. त्यावर त्यांनी, मग बाटली बदला, असं सुचवलं.

मी विचार केला, या रोपाला हवी थंडी. घरात थंडी एकाच ठिकाणी असते. म्हणून भाजीच्या कप्प्यावरच्या खणात मी त्याची सोय केली. दुर्दैवाने तो शुक्रवार होता. शुक्रवारी वरोरहून मासळीवाली येते. बकुळाने बोंबील साफ करून वरच्या खणात ठेवले. बोंबलाला पाणी सुटतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. ते पाणी रात्रभर थेंबथेंब करत हिमालयाच्या त्या लेकराच्या मुळाशी गेलं. सकाळी दार उघडल्यावर जो वास आला, तो त्या पहाडी बाईंनी वर्णन केलेला नक्कीच नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या दक्षाबेननी हे ऐकलं आणि त्यांचं मन द्रवलं. त्यांच्या घरी कांदासुद्धा येत नाही. “हरेशभाई, आमच्या फ्रिजमध्ये ठेवो ने,” त्या म्हणाल्या. माझं नाव हरेश्वर. पण दक्षाबेन मला गेली अठरा वर्षं हरेश म्हणतात आणि आता दुरुस्त करण्याची वेळ निघून गेली आहे. मी रोपाची माती बदलली, मुळं तीन पाण्यांनी धुतली आणि रोप खाली पोचवलं. रोज सकाळी शाळेत जाताना मी त्यांच्या दाराशी थांबून चौकशी करायचो. मी एका शाळेत हेडक्लार्क आहे. माणूस दवाखान्यात असला की नातेवाईक जसे थांबतात, तसा थांबायचो.

पाचव्या दिवशी दक्षाबेनची सून सोनल स्वतः वर आली. तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत गरम भजी. मी एक खाल्लं. छान होतं. मग तिने सांगितलं, की ती बाहेरगावाहून आली तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या, फ्रिजमध्ये रोप दिसलं, आणि ती समजली की अजमो आहे. अजमो म्हणजे आपला ओवा. त्याच्या पानांची भजी करतात.

मी चावायचा थांबलो. पण तोवर सातातलं एक पान माझ्या पोटात गेलं होतं. दुसरं पान ताटलीत होतं. ते बकुळाने शांतपणे खाल्लं. वाया घालवून काय उपयोग, असं तिचं म्हणणं.

उरलेल्या पाच पानांना मी आमच्या झोपायच्या खोलीत आणलं. खोलीत एसी आहे, तो आम्ही पाहुणे आले तर लावतो. आता तो अठरावर चालू लागला. मे महिन्याच्या डहाणूत आम्ही दोघं स्वेटर घालून झोपत होतो, आणि बनफशा टेबलावर टवटवीत. आठ दिवसांत त्याला नवं पान आलं आणि मला खोकला झाला. असा खोकला, की शाळेत दाखले न्यायला येणारे पालक मला दुरून ओळखू लागले. बकुळाने विचारलं, दोन पानं तोडून काढा करू का. मी नकार दिला. तिने विचारलं, मग हे लावलंय कशासाठी. या प्रश्नाला उत्तर होतं. ते तिच्यासाठी लावलंय, असं मला म्हणता आलं असतं. पण खोकल्याच्या उबळीत असली वाक्यं नीट बाहेर पडत नाहीत.

पावसाळा लागला, उकाडा उतरला आणि रोप पुन्हा गॅलरीत आलं. पानं चौदा झाली. मी खत घातलं, शेण कालवून घातलं, चांगल्या मातीच्या मोठ्या कुंडीत हलवलं. मग जुलैत एके दिवशी मला बुंध्याशी, पानांच्या खाली, बारीक देठांवर हिरव्या गाठी दिसल्या. मुगाच्या दाण्याएवढ्या, खाली मान घातलेल्या. तात्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गाठीला नख लावलं आणि रोग आहे असं सांगितलं. चिकूवर असा आला की तात्या लगेच छाटतात. मी बकुळाचं नखं कापायचं यंत्र घेतलं आणि एकेक गाठ काढून टाकली. दर चार दिवसांनी नव्या यायच्या, दर चार दिवसांनी मी काढायचो. फुलाचा मात्र पत्ता नव्हता. आणि वरची पानं पिवळी पडायला लागली.

शेवटी मी सरकारी सल्ला घ्यायचं ठरवलं. शेतकऱ्यांसाठी एक नवा मार्गदर्शन कक्ष उघडला होता. तिथे जतीन नावाचा तरुण बसायचा. स्वभावाने गोड. त्याने माझं सगळं ऐकलं आणि सांगितलं की सल्ला नोंदणीकृत लाभार्थ्यालाच देता येतो. मी म्हटलं, नोंदणी करा. एकतीस वर्षं फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाला फॉर्मची भीती नसते.

संगणकावर पिकांची यादी आली. बनफशा अर्थातच नव्हती. जतीनने ‘औषधी वनस्पती’ निवडलं. मग क्षेत्र. मी सांगितलं, एक कुंडी. त्याने शून्य घातलं. संगणकाने नाही म्हटलं. त्याने शून्य पूर्णांक शून्य एक घातलं. संगणक पुन्हा नाही म्हणाला.

“सर, कमीत कमी शून्य पूर्णांक दहा हेक्टर घेतंय,” जतीन म्हणाला. “म्हणजे दहा गुंठे. नुसतं भरायला. कोण बघतंय?”

दाखल्यावर जन्मतारीख बदलून मागणाऱ्या पालकांना मी एकतीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलो आहे, की कागदावर खोटं लिहायचं नाही. मी खिशातून पेन काढलं आणि दहा गुंठे बनफशाखाली सही केली.

सल्ला मिळाला तो असा, की पाणी बेताने घाला.

श्रावणात जतीनचा फोन आला. आवाजात आनंद होता. औषधी वनस्पतींचा आमच्या भागातला एकमेव प्रकल्प म्हणून माझी निवड झाली होती. तलासरीच्या एका पाड्यावरचा महिला बचत गट अभ्यास दौऱ्यावर येणार होता. वीस महिला, परवा सकाळी अकरा वाजता. मी सांगितलं, की अहो, माझ्याकडे कुंडी आहे. त्याने सांगितलं, की पत्र निघालंय. मी पुन्हा कुंडीचं सांगितलं. त्याने पुन्हा पत्राचं सांगितलं. सरकारी कागद निघाला की तो मागे येत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तात्यांना मात्र हा सोसायटीचा सन्मान वाटला. त्यांनी जिने धुऊन घेतले आणि ‘औषधी वनस्पती प्रकल्प’ असा फलक रंगवून आणला. प्रकल्पाचं काय, हा प्रश्न उरला. तो दक्षाबेननी सोडवला. त्यांच्याकडे ब्राह्मीच्या बारा कुंड्या होत्या. ब्राह्मीचं पान आणि बनफशाचं पान दुरून सारखंच दिसतं. बारा कुंड्या गच्चीवर मांडायच्या, मध्ये माझी ठेवायची. तेरा कुंड्या म्हणजे रोपवाटिका. बाकीचे दहा गुंठे चिखल्याला वाडीत आहेत, असं तात्या सांगणार.

बकुळाने हे सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “त्या बायका दिवसाचं काम सोडून येणार ना?” मी कुंड्या वर नेल्या.

बचत गटाच्या बायका जीपने दोन खेपांत आल्या. बेणणीचे दिवस होते, भातातलं तण काढायचं काम टाकून आल्या होत्या. पिशव्यांत भाकऱ्या बांधलेल्या. गटाची अध्यक्ष संगीता, तिशीतली, हातात वही. वहीत प्रश्न लिहून आणले होते. जतीनने माझी ओळख प्रगतिशील शेतकरी अशी करून दिली. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घसा साफ करून बोलायला लागलो. सुरुवात चांगली झाली, कारण ती हिमालयाविषयी होती.

मग संगीताने वही उघडली. सावलीत येतं असं ऐकलंय, तर झाडाखालच्या पडीक जागेत होईल का. पाणी किती लागतं. पहिल्या वर्षी किती रोपं मेली. माल घेतं कोण. मी पहिल्या दोन प्रश्नांना अशी उत्तरं दिली, की त्यांचा अर्थ मलाही कळला नाही. ती प्रत्येक शब्द लिहून घेत होती. पेन्सिलीने, जपून, ओळीवर ओळ. माझ्या आयुष्यात माझं बोलणं इतक्या मनापासून कुणी लिहून घेतलं नव्हतं, आणि त्यातला एक शब्दही खरा नव्हता.

लिहिता लिहिता तिने जवळच्या कुंडीतलं एक पान तोडलं, दातांनी थोडं चावलं आणि मागे वळून काळीकडे दिलं. काळी त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी. तिनेही चावलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“सर,” संगीता म्हणाली, “ही त ब्राह्मी आहे. आमच्या ओहोळाला रग्गड आहे.”

तात्या चिखल्याची वाडी असं काहीतरी पुटपुटले. जतीन आपल्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघायला लागला, जणू ते कुणा दुसऱ्याचं आहे. मला वाटलं, आत्ता खोकला यावा आणि खाली जाता यावं. नेमका त्या दिवशी खोकला आला नाही.

“ब्राह्मीच आहे,” मी म्हणालो. “बाराही कुंड्या दक्षाबेनच्या आहेत. माझं हे एकच रोप. दहा गुंठे मी कागदावर लिहिले. तुमचा दिवस माझ्यामुळे बुडाला. चूक माझी आहे.”

संगीताने वही मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, की मग कागदावर का लिहिलं. मी सांगायला लागलो, आणि सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागलं. बोंबील सांगितले. भजी सांगितली. सोनल दाराआड उभी होती ती आत पळाली. स्वेटर घालून झोपल्याचं सांगितलं, तेव्हा काळी पदर तोंडाला लावून हलायला लागली. आधी मला वाटलं तिला बरं नाहीये. मग ती खाली बसली आणि हसू तिच्या हाती राहिलं नाही. तिने आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं आणि सगळ्याच हसल्या. मी संगीताला अर्थ विचारला. ती सांगेना. बकुळाला मात्र तो कळला असावा, कारण तीही हसत होती. माझी अब्रू गच्चीवर पाऊण तास पडून होती आणि तिच्याभोवती वीस बायका पोट धरून बसल्या होत्या. खरं सांगायचं तर मला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बकुळा आणि दक्षाबेननी सगळ्यांना आमटी-भात वाढला. भाकऱ्या सुटल्या. जेवून झाल्यावर संगीता माझ्या कुंडीशी येऊन बसली. हे तिकडे कशात उगवलं होतं, असं तिने विचारलं. मी सांगितलं, दगडांच्या फटीत, सावलीला, वरून पाणी झिरपायचं.

“मग तुम्ही याला गादीवर का झोपवलं?” ती म्हणाली, आणि शेणखताच्या त्या काळ्याभोर मातीत बोट घातलं. मग तिने पानं बाजूला केली. मातीला टेकलेली एक हिरवी गाठ माझ्या नजरेतून सुटली होती. ती नखाने उघडली. आत पिवळट बारीक बी, ओळीने बसवल्यासारखं.

हे फूलच होतं. गरमीत ते उमलत नाही, मिटल्या मिटल्याच आत बी धरतं. ही माहिती मला नंतर चौथ्या पुस्तकात मिळाली. महिनाभर मी बकुळाच्या यंत्राने जे कापत होतो तो रोग नव्हता. तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

संगीताने कुंडी मागितली नाही. ती फक्त म्हणाली, की आमच्या घरामागे जोत्याचे दगड आहेत, तिथे दिवसभर सावली असते, मोरीचं नाही, टाकीचं पाणी पाझरतं. मी बकुळाकडे पाहिलं. तीन महिने जपलेलं रोप होतं. आणि ते द्यायचं तर माझं नव्हतंच ते.

“देऊन टाका,” बकुळा म्हणाली.

कुंडी जीपमध्ये काळीच्या मांडीवर बसून गेली. जतीनने अभ्यास दौरा यशस्वी झाल्याचं वरती कळवलं. मी मात्र अर्ज लिहून दहा गुंठे रद्द करायला गेलो. क्षेत्र वाढवता येतं, कमी करता येत नाही, असं त्याने सांगितलं. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि चार शनिवार बसत राहिलो. पाचव्या शनिवारी रद्द झालं.

गॅलरीत कुंडीच्या जागी मातीचा गोल डाग राहिला. बकुळाने तो पुसला नाही. बनफशा हा शब्दच घरातून गेला.

जानेवारीत, चांगली थंडी पडली होती तेव्हा, मी शाळेत असताना संगीताचा फोन आला. उमललंय, आजच या, असं ती म्हणाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, मी अर्जावर कारण खरं लिहिलं आणि त्यांनी ते दोनदा वाचलं. तात्यांनी गाडी काढली. दक्षाबेन वाटेत खायला ठेपले घेऊन बसल्या. तात्या गाडी चालवताना एकही सल्ला देत नव्हते, त्यामुळे प्रवास जरा लांब वाटला.

पाड्यावर संगीताच्या घरामागे जोत्याच्या दोन दगडांमध्ये ते होतं. पानं आमच्याकडच्यापेक्षा बारीक, पण गर्द. खालच्या फटींत चार नवी पिल्लं फुटली होती, कुणी न लावता. आणि मधोमध एक देठ, त्यावर मान वाकवलेलं जांभळं फूल. शर्टाच्या बटणाएवढं.

वास घ्यायचा तर जमिनीला टेकावं लागत होतं. आधी बकुळाने घेतला. मग ती बाजूला सरकली. दक्षाबेननी डोळे मिटून घेतले. तात्यांना गुडघ्यामुळे खाली जाता येईना, तेव्हा काळीने त्यांचा हात धरून त्यांना वाकवलं. शेवटी मी ऑफिसच्या पँटने ओल्या मातीत गुडघे टेकले आणि नाक पुढे केलं.

आला. गोड, थंड, क्षणभर. पुन्हा श्वास घेतला तर काहीच नाही. नाक अगदी पाकळीला लावलं, तरी नाही.

“गेला,” मी म्हणालो.

संगीता हसली. “मला पण तसंच झालं. लगेच दुसऱ्यांदा नाही देत तो. तोंड बाजूला करा, जरा थांबा. येतो परत.”

मी तोंड बाजूला केलं. बाकीचे चहाला घरात गेले. बकुळाने साडी आवरली आणि माझ्या शेजारी मातीत बसली. पलीकडे कुणाची तरी कोंबडी दगड उकरत होती. मी पुन्हा वाकून पाहिलं.

“आला?” बकुळाने विचारलं.

“नाही अजून.”

“मग बसू या,” ती म्हणाली.